पीपीटी सगळ्यात शेवटी उघडा: मुलांना स्लाइड करायला शिकवताना कुठल्या क्रमानं जायचं

सेमिनारची तारीख लागली की मुलं काय करतात हे आपल्या सगळ्यांना पाठ झालंय. आदल्या रात्री लॅपटॉप उघडायचा, गडद निळं टेम्प्लेट घ्यायचं, पहिल्या स्लाइडवर कॉलेजचा लोगो आणि चार नावं, मग इंट्रोडक्शन, ऑब्जेक्टिव्ह, मेथडॉलॉजी अशा पाट्या आणि प्रत्येक पाटीखाली रिपोर्टमधला एकेक पॅरेग्राफ, शेवटी फुलाच्या फोटोवर थँक्यू. दुसऱ्या दिवशी पडद्याकडं तोंड करून ते सगळं वाचायचं. आणि आपण मागच्या बाकावरून सांगत राहतो, फॉन्ट मोठा कर, कमी लिही, इकडं बघून बोल.

हे सांगून फरक पडत नाही. पोरगं स्लाइडवर पॅरेग्राफ टाकतं ते आळसानं नाही, भीतीनं टाकतं. काय बोलायचं हे त्याचं ठरलेलं नसतं, त्यामुळं पडदा हाच त्याचा आधार असतो आणि तो काढून घेतला की ते आणखीच अडखळतं. म्हणून मी शिकवायचा क्रमच उलटा केला. आधी म्हणणं, मग बोलणं, मग कागदावर चित्र आणि पॉवरपॉइंट सगळ्यात शेवटी. खाली दिलंय ते कोल्हापुरातल्या साध्या वर्गात, चाळीसएक मुलांच्या बॅचला ४ तासिकांत बसतं, सादरीकरणाचा दिवस वेगळा. अकरावी-बारावी, डिप्लोमा, डिग्री, कुठंही चालतं. फक्त टप्पे पुढंमागं करू नका आणि "वेळ नाही, डायरेक्ट लॅबला जाऊया" हा मोह टाळा, सगळं बिघडतं ते तिथंच.

सुरू करायच्या आधी तुमची तयारी

पहिलं काम म्हणजे ज्या खोलीत मुलं बोलणार आहेत ती खोली बघून येणं. टेप घेऊन दोन मापं घ्या, पडद्याची रुंदी आणि पडद्यापासून शेवटच्या बाकाचं अंतर. प्रोजेक्टर लावून बघा, चित्र लांबट येतंय का जुन्या टीव्हीसारखं चौकोनी. कुठला दिवा कुठल्या बटणानं बंद होतो, खिडकीला पडदे आहेत का, एचडीएमआय केबल आहे का अजून जुनं व्हीजीएच चाललंय, हे सगळं एका कागदावर लिहून वर्गात चिकटवा. या मापांवर पुढं अक्षराचा आकार ठरणार आहे, म्हणून हे आधी.

दुसरं, सामान. पाठकोरे कागद, एका एफोरच्या चार चिठ्ठ्या अशा कापलेल्या, आणि जाड मार्कर. बॉलपेन नको. बॉलपेननं चिठ्ठीवर पॅरेग्राफ मावतो, मार्करनं एकच वाक्य मावतं, आणि आपल्याला तेच पाहिजे.

तिसरं, विषय. ग्लोबल वॉर्मिंग, सोशल मीडियाचे फायदे-तोटे असले विषय देऊ नका, ते नेटवर तयार मिळतात आणि मुलाचं स्वतःचं असं काही म्हणणंच नसतं. जाऊन बघता येईल असं द्या. उद्यमनगरातल्या फौंड्रीत कास्टिंग रिजेक्ट का होतात, गुऱ्हाळावर रस आटवताना जळण किती जातं, राजारामपुरीच्या गल्लीत गाडी लावायला जागा का मिळत नाही, चप्पल शिवणाऱ्या कारागिराला जीआयचा, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा, उपयोग कसा करून घेता येईल. मी या लेखात पंचगंगेच्या पुराचं एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलंय, कारण आपल्याकडं ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

टप्पा १: लॅपटॉप बंद, एक वाक्य लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, अख्खी तासिका गेली तरी चालेल.

मुलांना विषय आणि म्हणणं यातला फरक माहीत नसतो. "पंचगंगेचा पूर" हा विषय झाला. "पंचगंगेच्या पुराची कारणे व उपाय" हा पण विषयच, जरा लांब केलेला. म्हणणं म्हणजे असं वाक्य, जे ऐकल्यावर समोरचा मान हलवेल किंवा "छे, मला नाही पटत" म्हणेल.

तिथपर्यंत नेण्यासाठी मी दोनच प्रश्न विचारतो. एक, हे तू कुणाला सांगतोयस? दोन, मग त्यांनी काय करायचं? एका ग्रुपबरोबर हे कसं झालं ते सांगतो. पहिली चिठ्ठी आली ती "पंचगंगेचा पूर: एक अभ्यास". कुणाला सांगणार? "सगळ्यांना सर." सगळ्यांना म्हणजे कुणालाच नाही, एक माणूस धर. बराच वेळ गप्प बसले, मग त्यातली एक मुलगी म्हणाली, बापट कॅम्पातल्या कुंभारांना सांगूया, जुलै-ऑगस्टला पाणी येतं तेव्हा त्यांच्या गणपतीच्या मूर्ती अर्ध्या तयार असतात. बरं, त्यांनी काय करायचं? "मूर्ती हलवायच्या." कधी? इथं ते अडले आणि इथंच खरा अभ्यास सुरू झाला. राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात पोराटोरांना पाठ असतं, पण त्याचा अर्थ काय लावायचा हे कुणी विचारत नाही. शेवटी चिठ्ठीवर आलं ते हे: "इशाऱ्यापासून धोक्यापर्यंत मधे फक्त ४ फूट असतात, म्हणून मूर्ती ४३ ला नाही, ३९ लाच हलवायला घ्या."

हे म्हणणं. यावर आता कुंभार उलटा प्रश्न विचारू शकतो की ३९ ला हलवल्या आणि पाणी चढलंच नाही तर भाडं कोण देणार. असा उलटा प्रश्न सुचला की समजायचं वाक्य चांगलं झालंय.

तपासा: चिठ्ठीवर क्रियापद आहे का? कुणीतरी नाही म्हणू शकतं का? ऐकणाऱ्यानं काय करायचं ते कळतं का? तिन्हीला हो असेल तरच पुढं जाऊ द्या.

या चिठ्ठ्या गोळा करून नाव लिहून एका पाकिटात ठेवा. मुलांकडं देऊ नका, शेवटी लागणार आहेत.

टप्पा २: चिठ्ठ्या मांडा, चिठ्ठ्या उचला

आता त्या एका वाक्याला पटवण्यासाठी काय काय सांगावं लागेल ते प्रत्येक चिठ्ठीवर एक असं लिहायचं आणि बाकावर, बाक पुरला नाही तर जमिनीवर, ओळीनं मांडायचं. ८ मिनिटांच्या बोलण्याला ५ ते ७ चिठ्ठ्या पुरतात. मुलं पंधरा आणतात. मग एकेक उचलून विचारायचं, ही काढली तर काय बिघडतं? काही बिघडत नसेल तर ती पाठीमागं ठेवायची, फाडायची नाही, कारण फाडायची म्हटलं की मुलं चिठ्ठी सोडतच नाहीत.

इथली नेहमीची चूक म्हणजे रिपोर्टचा क्रम तसाच उचलणं. रिपोर्टात आधी प्रस्तावना, मग उद्दिष्टं, मग पद्धत, निष्कर्ष सगळ्यात शेवटी असतो आणि तिथं ते बरोबरच आहे, रिपोर्ट वाचणारा पानं उलटून पाहिजे तिथं जाऊ शकतो. ऐकणाऱ्याला पानं उलटता येत नाहीत. त्याला दुसऱ्या मिनिटाला तरी कळायला पाहिजे की हे सगळं कशासाठी चाललंय. म्हणून पूरवाल्या ग्रुपला मी पहिली चिठ्ठी लावायला सांगितली ती चिखलात बसलेल्या मूर्तींची, पर्जन्यमानाची नाही.

टप्पा ३: स्लाइडशिवाय बोलून दाखवा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. जोड्या पाडा. एकानं उभं राहून हातातल्या चिठ्ठ्या बघत बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं आणि दोनच गोष्टी टिपायच्या. बोलणाऱ्याचा हात कुठं कुठं वर गेला, आणि मला कुठं कळलं नाही.

हात वर जाणं म्हणजे काय? "पाणी असं असं चढत जातं" म्हणताना पोरगं हवेत रेघ काढतं. "मोल्डमधे इथं वाळू ढासळते" म्हणताना दोन्ही हातांनी पेटी दाखवतं. "म्हणजे असं बघ" म्हणून वहीत काहीतरी काढायला जातं. शब्द पुरत नाहीत म्हणून हात मदतीला येतो, आणि जिथं हात येतो तिथंच स्लाइड पाहिजे. जिथं हात खाली आहेत आणि ऐकणाऱ्याला सगळं कळतंय, तिथं स्लाइडची गरज नाही, नुसतं बोललं तरी चालतं.

हे एकदा मुलांनी स्वतः करून बघितलं की "स्लाइडवर काय टाकू सर" हा प्रश्न येणंच बंद होतं. याद्या घेऊन येतात, सर माझे तीन ठिकाणी हात गेले.

इशारा: या टप्प्यावर बोलणं घड्याळ लावून करून घ्या. ८ मिनिटांचं बोलणं इथं ११ मिनिटांचं होत असेल तर आत्ताच चिठ्ठी कमी करा. स्लाइड झाल्यावर पोरगं कापायला तयार होत नाही, रात्रभर जागून केलेली असते.

टप्पा ४: कागदावर चौकोन

पाठकोऱ्या कागदावर सहा चौकोन आखायचे आणि मार्करनं प्रत्येकात एकेक स्लाइड कच्ची काढायची. वर एक वाक्य, खाली चित्र किंवा आलेख, तो पण नुसत्या रेघांनी. चित्रकला चांगली नसली तरी चालते. एका चौकोनाला दोन मिनिटं, जास्त नाही. शेजाऱ्याला कागद दाखवून विचारायचं, यातून काय कळलं? त्यानं वेगळंच सांगितलं तर चौकोनावर काट मारून नवा काढायचा, कागदाचा अर्धा रुपया पण जात नाही.

टप्पा ५: आता पॉवरपॉइंट उघडा, पण आधी चौकट लावा

मजकूर टाकायच्या आधी चार गोष्टी लावून घ्यायच्या आणि पुढं त्यांना हात लावायचा नाही.

पहिली, स्लाइडचा आकार. खोलीतला प्रोजेक्टर जुन्या चौकोनी घाटाचा असेल तर ४:३, नाहीतर १६:९. हे नंतर बदललं की सगळी चित्रं सरकतात आणि अर्धा दिवस जातो, म्हणून तो भिंतीवर चिकटवलेला कागद बघा.

दुसरी, स्लाइड मास्टर. व्ह्यू मधे जाऊन स्लाइड मास्टर उघडायचा आणि शीर्षकाची जागा, फॉन्ट, रंग तिथं एकदाच ठरवायचे. मुलं प्रत्येक स्लाइडवर वेगवेगळी टेक्स्ट बॉक्स टाकतात, त्यामुळं पुढची स्लाइड आली की शीर्षक बोटभर वर-खाली उडी मारतं. लोगो ठेवायचाच असेल तर पहिल्या स्लाइडवर. सगळ्या स्लाइडवर लोगो, तारीख, विभागाचं नाव घातलं की आलेखाची जागा जाते.

तिसरी, फॉन्ट, आणि इथं मराठीत करणाऱ्यांनी नीट लक्ष द्या, कारण इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले इंग्रजी अक्षरासाठी असतात.

मराठी मजकूर युनिकोडमधेच टाइप करायचा. शहरातल्या डीटीपीच्या दुकानात श्रीलिपी किंवा कृतीदेवमधे टाइप करून आणलेला मजकूर त्यांच्या मशीनवर छान दिसतो आणि सेमिनार हॉलच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की नुसतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. मुक्त (Mukta) नावाचा फॉन्ट किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, फुकट मिळतात. विंडोजवर निर्मला यूआय असतोच, दुसऱ्या विंडोज मशीनवर फाइल न्यायची असेल तर तो सगळ्यात बिनधोक. टेम्प्लेटमधल्या कितीतरी इंग्रजी फॉन्टात देवनागरी अक्षरंच नसतात, मग सॉफ्टवेअर आपल्या मनानं दुसरा फॉन्ट लावतं आणि मुलाला वाटतं फॉन्ट का बदलेना.

ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवायचं. आपल्याकडं वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, त्यामुळं ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. जागा कमी पडते म्हणून ओळी आवळू नका, शब्द कमी करा. त्याच कारणानं अंडरलाइन नको, ती उकारांवरून जाते. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते, ते पण नको. इटालिक देवनागरीला शोभत नाही, जोर द्यायचा तर बोल्ड करा किंवा रंग द्या, पण लहान आकारात बोल्ड केलं की "द्ध", "क्ष्म" अशी जोडाक्षरं भरून काळी होतात.

आकार किती? पॉवरपॉइंटच्या १६:९ स्लाइडवर शीर्षक ३२ ते ३६, मजकूर २६ ते २८, आलेखावरची नावं २० च्या खाली नकोत, असा माझा हिशोब आहे. गूगल स्लाइड्स वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, तिथली नेहमीची स्लाइड १० इंच रुंद असते आणि पॉवरपॉइंटची १३.३३ इंच, त्यामुळं गूगलमधलं २४ म्हणजे पॉवरपॉइंटमधलं ३२. मुलं एकमेकांचे आकडे ऐकून लावतात आणि गोंधळ होतो.

चौथी गोष्ट, रंग. मुलांना गडद पार्श्वभूमी आवडते कारण लॅपटॉपवर ती भारी दिसते. पण प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही, तो फक्त उजेड टाकतो. स्लाइडवरचा काळा म्हणजे पडद्याचा तेवढा भाग प्रोजेक्टरनं सोडून दिलेला, आणि त्या भागावर वर्गातल्या ट्यूबलाइटचा उजेड पडतोच, म्हणून काळा राखाडी होतो, निळा फिका होतो आणि त्यावरची अक्षरं विरघळून जातात. दिवे चालू ठेवून बोलायचं असेल तर पांढरी किंवा अगदी फिकी पार्श्वभूमी आणि काळं अक्षर. पूर्ण अंधार होणाऱ्या हॉलमधे गडद चालतं. पांढऱ्यावर पिवळा, फिका हिरवा, आकाशी नको. निळ्यावर लाल तर नकोच, डोळ्यापुढं अक्षर नाचतं. आणि लाल-हिरव्याच्या जोडीवर अर्थ अवलंबून ठेवू नका, काहींना त्यातला फरक दिसत नाही, मुलांमधे हे मुलींपेक्षा जास्त असतं.

तपासा: रिकाम्या स्लाइडवर एक वाक्य टाकून ती खऱ्या खोलीत, खऱ्या प्रोजेक्टरवर एकदा लावून बघा. सगळ्या स्लाइड भरल्यावर नाही, आत्ता.

टप्पा ६: वर वाक्य, खाली पुरावा

प्रत्येक स्लाइडच्या वर "निष्कर्ष", "डेटा अ‍ॅनालिसिस" असली पाटी नको, पूर्ण वाक्य पाहिजे. "पाण्याची पातळी" हे शीर्षक वाचून बघणाऱ्याला आलेखात काय शोधायचं ते कळत नाही. "३९ ते ४३ मधे फक्त ४ फूट" हे वाचलं की त्याची नजर बरोबर त्या दोन रेघांवर जाते. वाक्य दोन ओळींत बसलं पाहिजे, तिसरी ओळ आली की तोडायचं.

खाली त्या वाक्याचा पुरावा, म्हणजे आलेख, फोटो, आकृती किंवा फार तर तीन-चार शब्दांच्या दोन-तीन ओळी. बाकी सगळं नोट्समधे. स्लाइडच्या खाली नोट्सची जागा असते, ती बोलणाऱ्याला दिसते आणि पडद्यावर येत नाही, हे कितीतरी मुलांना माहीतच नसतं. घाबरणाऱ्या मुलाला हे आवर्जून दाखवा. पडद्यावरचा आधार काढताना त्याच्या हातात दुसरा आधार द्यावाच लागतो.

"सर, स्लाइडवर एवढंच? मार्क कमी देतील की." हा प्रश्न येणार. त्याचं उत्तर तुम्ही आणि एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून येणारे परीक्षक, मिळून द्यायचं आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय.

टप्पा ७: आलेख, तक्ते, फोटो

आलेखात मुलं चुकतात ती बहुतेक वेळा सॉफ्टवेअरनं जे दिलं ते तसंच ठेवल्यामुळं.

जिल्ह्यातल्या १२ तालुक्यांची तुलना पायचार्टमधे केली की बारा फोडी, बारा रंग आणि बाजूला रंगांची यादी, बघणारा यादी आणि चार्ट यांच्यामधे नजर फिरवत बसतो आणि तोपर्यंत बोलणारा पुढं गेलेला असतो. डोळ्याला कोनापेक्षा लांबी मोजणं सोपं जातं, म्हणून आडवे बार काढा, मोठ्यापासून लहानाकडं लावा, नाव त्या त्या बारच्या शेजारीच लिहा आणि रंगांची यादी काढून टाका. सगळे बार राखाडी आणि ज्याबद्दल बोलायचंय तो एकच गडद. फौंड्रीवाल्या ग्रुपनं ब्लो होल, सँड इन्क्लुजन, श्रिंकेज, कोल्ड शट असे सगळे डिफेक्ट असेच लावले आणि एक बार रंगवला, बोलायच्या आधीच समोरच्याला मुद्दा कळला. थ्रीडी कुठंच नको, पुढचा बार मागच्याला झाकतो.

बार असेल तर अक्ष शून्यापासून सुरू झालाच पाहिजे. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि २०२१ ला ५६ फुटांच्या वर. समजा हे ५५ आणि ५६ असे दोन बार काढले आणि अक्ष ५४ पासून सुरू केला तर दुसरा बार पहिल्याच्या दुप्पट दिसतो. फरक एक फुटाचा, दिसतोय दुप्पट पूर. कितीतरी वेळा मुलं हे मुद्दाम करत नाहीत, एक्सेल आपोआप अक्ष कापतं आणि ते बघत नाहीत. खरं तर पाण्याच्या पातळीला बार नकोच, दिवसागणिक चढ-उतार दाखवायचाय तर रेघ काढा, आणि त्यावर ३९ ला आणि ४३ ला दोन आडव्या रेघा मारून शेजारी "इशारा", "धोका" लिहा. रेघेच्या आलेखात अक्ष मधून सुरू केला तरी चालतो, फक्त आकडे स्पष्ट दिसू देत.

तक्ता रिपोर्टमधून जसाच्या तसा आणायचा नाही. १४ ओळींच्या तक्त्यातल्या ज्या दोन ओळींवर बोलणार तेवढ्याच घ्या, बाकी रिपोर्टात आहेत.

फोटो स्वतः काढलेले घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवलेला फोटो दाबून लहान होतो आणि पडद्यावर फुटतो, तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितला की मूळ आकारात येतो. ओढताना कोपऱ्यातून ओढा, बाजूनं ओढला की माणसं जाडी होतात. माणसांचे चेहरे दिसत असतील तर विचारून घ्या, विशेषतः पुरात सगळं गेलेल्या घरातल्या लोकांचे. आणि आकडे कुठून घेतले ते त्याच स्लाइडवर खाली छोट्या अक्षरात लिहायला लावा, ही एकच गोष्ट २० पेक्षा लहान चालते.

इशारा: एआयला सांगून किंवा तयार टेम्प्लेटवरून केलेल्या स्लाइड आता येणारच. मी त्यावर बंदी घालत नाही. टप्पा १ ते ४ हातानं झाले असतील तर मुलगा स्वतःच म्हणतो की हे माझं म्हणणं नाही, हा आलेख माझ्या आकड्यांचा नाही. ते झाले नसतील तर त्याला ओळखताच येत नाही.

टप्पा ८: मागच्या बाकाची परीक्षा

सुरुवातीला घेतलेली मापं आता काढा. अंतराला पडद्याच्या रुंदीनं भागा. पडदा २ मीटर आणि शेवटचा बाक ९ मीटरवर असेल तर साडेचार. आता लॅपटॉपच्या स्क्रीनची रुंदी मोजा, १४ इंची असेल तर साधारण ३१ सेंटिमीटर, त्याची साडेचारपट म्हणजे जवळजवळ १४० सेंटिमीटर. स्लाइड फुल स्क्रीन करून लॅपटॉपपासून तेवढं लांब उभं राहायचं. तिथून जे वाचता येत नाही ते शेवटच्या बाकावरच्याला पण वाचता येणार नाही. घरी बसून करता येते म्हणून ही परीक्षा मला फार आवडते, मुलं एकमेकांना करायला लावतात.

मग शेजाऱ्याला प्रत्येक स्लाइड ५ सेकंद दाखवून झाकायची आणि विचारायचं, काय होतं? त्यानं शीर्षकातलं वाक्य आपल्या शब्दांत सांगितलं तर पास.

अ‍ॅनिमेशन या टप्प्यावर काढून टाका. टप्प्याटप्प्यानं उघडायचंच असेल तर तीच स्लाइड कॉपी करून एकेक गोष्ट वाढवत न्या, कारण पीडीएफ केलं की अ‍ॅनिमेशनमधले सगळे थर एकावर एक छापून येतात.

टप्पा ९: सराव आणि त्या दिवशी

सराव तीनदा, त्यातला एक तरी त्याच खोलीत, उभं राहून, मोठ्यानं. मनातल्या मनात वाचणं हा सराव धरू नका. पॉवरपॉइंटमधे ऑल्ट आणि एफ ५ दाबलं की एकाच स्क्रीनवर प्रेझेंटर व्ह्यू, म्हणजे फक्त बोलणाऱ्याला दिसणारा पडदा, उघडतो, नोट्स कशा दिसतात ते घरीच बघता येतं. बी दाबलं की पडदा काळा होतो, परत दाबलं की स्लाइड येते, ज्या मुद्द्याला स्लाइड नाही तिथं हे वापरायला शिकवा म्हणजे सगळ्यांची नजर बोलणाऱ्याकडं येते. प्रश्नोत्तरात मागची स्लाइड लागली तर तिचा नंबर आणि एंटर.

फाइल तीन ठिकाणी पाहिजे. पेनड्राइव्ह, स्वतःचा ईमेल आणि पीडीएफ. फॉन्ट हॉलच्या मशीनवर नसला तरी पीडीएफमधे मराठी बिघडत नाही. पॉवरपॉइंटच्या ऑप्शन्समधे सेव्ह खाली फॉन्ट फाइलमधेच घालायची सोय आहे, ती पण चालू करून ठेवा. फाइलचं नाव "फायनल न्यू फायनल २" नको, ग्रुप नंबर आणि विषय.

थँक्यूची स्लाइड काढून टाका. प्रश्नांच्या वेळी जी स्लाइड सगळ्यात जास्त वेळ पडद्यावर राहते तिथं फूल कशाला, त्या जागी दोन रेघांचा तो आलेख आणि ते एक वाक्य ठेवा.

मार्क कसे द्यायचे

शेवटच्या दिवशी सगळे मार्क दिले तर मुलं शेवटच्या रात्रीच काम करणार. मी २० मार्क असे वाटतो: एका वाक्याला ४, चिठ्ठ्यांच्या क्रमाला ४, स्लाइडशिवाय बोलण्याला ४, स्लाइडना ५ आणि शेवटी दुरुस्तीला ३. हा कागद मुलांना पहिल्याच दिवशी द्या आणि एक्स्टर्नलना पण आधी दाखवा, म्हणजे "कंटेंट कमी आहे" असा शेरा येऊन बिचाऱ्याचे मार्क जाणार नाहीत.

दुरुस्तीचे ते ३ मार्क असे. बोलणं संपलं की ऐकणाऱ्या सगळ्यांनी एका चिठ्ठीवर लिहायचं, हा काय म्हणत होता, एका वाक्यात. मग तुम्ही पाकीट उघडा, पहिल्या तासिकेतली त्याची स्वतःची चिठ्ठी काढा आणि सगळ्या त्याच्या हातात द्या. पूरवाल्या ग्रुपला ३८ चिठ्ठ्या मिळाल्या, त्यातल्या ११ वर लिहिलं होतं की मूर्ती ४३ फुटांना हलवा, म्हणजे बरोबर उलटं. पोरांनी कारण शोधलं, आलेखात धोक्याची रेघ लाल आणि जाड होती, इशाऱ्याची बारीक राखाडी. त्यांनी ३९ ची रेघ जाड केली, तिच्याशेजारी "मूर्ती इथं हलवा" लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी फाइल परत जमा केली.